मोळी कुणाची?

ता. पाथर्डी
बुधवार, दि. ३ डिसेंबर २०२५
संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटे. गिरणी बंद करून पट्ट्यावरचे पीठ झाडत होतो. ते काम अर्धे टाकून लिहायला बसलो आहे.

ती. सौ. दिपालीताईस,
वाल्मिकचा सा. न. वि. वि.

इकडे आपली आई, तुझी धनू आणि मी बरे आहोत. चि. पार्थची सर्दी गेली का, ते कळव. पत्र पाहून तू हसशील. पण फोन केला की दाजी तो मोठ्या आवाजावर लावतात आणि मग तुझ्याशी बोलणे म्हणजे सगळ्या ऊसतोड टोळीशी बोलणे होते. काकासाहेब कांद्याच्या गोण्या घेऊन दर दोन-तीन दिवसांनी संगमनेरला जातो आणि तुमच्या पाचटाच्या कोप्या त्याच्या वाटेवर आहेत. पत्र त्याच्या हाती देतो. तो उघडून वाचणार नाही. वाचायचा त्याला कंटाळा आहे, हे तोच सगळ्यांना सांगत असतो.

ताई, आज मला फार मोठा धक्का बसला. तिसरीच्या इंदूबाईंनी शाळेत बोलावले होते. मला वाटले, धनूने कुणाचे तरी डोके फोडले असेल. जाऊन पाहतो तर आपली तिसरीतली धनू पहिलीच्या पोरांत बसलेली. गुडघे पोटाशी घेऊन, पाटी मांडीवर, आणि आजूबाजूला शेंबडी पोरे. मी दारातच उभा राहिलो. तिने मला पाहिले आणि मान खाली घातली.

बाई भल्या आहेत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या की धनश्रीला एकक-दशक अजिबात कळलेले नाही आणि त्यावाचून पुढचे काहीच कळणार नाही, म्हणून थोडे दिवस मागे बसवले. त्यांनी मला फळ्यावर दाखवले. तीन मोळ्या काढल्या, बाजूला चार सुट्या काड्या. किती झाल्या? चौतीस, हे मलासुद्धा येते. हाच प्रश्न बाईंनी तिला तीन वेळा, तीन दिवशी विचारला. पहिल्या दिवशी ती सत्तर म्हणाली. दुसऱ्या दिवशी पंचावन्न. तिसऱ्या दिवशी एकतीस. एकच चित्र, तीन उत्तरे, आणि तिन्ही वेळा तोंडावर शंका म्हणून नाही. बाई म्हणाल्या, ती ठोकून देते. आपल्या घरातली पोर ठोकून देणारी नाही गं. ती तर भाकरी किती खाल्ल्या तेही खरे सांगते.

वजाबाकीत तर कहर. बेचाळिसातून सतरा काढायचे होते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक मोळी सोडून सुट्या काड्या करायला बाईंनी सांगितले. तर ही बाईंनाच हसली आणि म्हणाली की बांधलेली मोळी कुणी सोडतं व्हय, मुकादम शिव्या घालील; कमी पडले तर आणखी तोडून आणायचे. सगळा वर्ग हसला. बाई पण हसल्या असाव्यात, पण मला सांगताना त्यांचा चेहरा काळजीचा होता.

त्यातच दुपारी दाजींचा फोन. त्यांना कुणीतरी कळवलेच होते. म्हणाले की पोरीला डोकं न्हाई तर तिथं ठेवून काय लोणचं घालायचं हाय, सोमवारी पंधरा तारखेला काकासाहेबाच्या टेम्पोत बसवून दे, इथं पार्थला तरी धरील. मी म्हणालो, अजून थोडे दिवस द्या. ते म्हणाले, पंधरापर्यंत दिलेच हायेत की.

ताई, एकदा इकडून गेलेली पोर मार्चशिवाय परत येत नाही. आणि मार्चनंतर कोण तिला तिसरीत बसवून घेणार? माझी आठवी अशीच अर्धी राहिली, मला माहीत आहे पुढे काय होते. तू दाजींना समजाव. मी रोज संध्याकाळी तिला घेऊन बसतो.

उत्तर लवकर दे. माझ्यावर माया आहेच, ती या पत्राने कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
वाल्मिक

*

फडावरून, ता. संगमनेर
शनिवार, ६ डिसेंबर

चि. वाल्मिक यास,
ताईचे अनेक उ. आ.

तुझे पत्र पोचले. काकासाहेबाने ते असे हळूच हातात दिले की छबूकाकूला वाटले मला कुणाची चिठ्ठी आली. दोन दिवस टोळीतल्या बायका मला चिडवत होत्या. तुझे अक्षर बघितल्यावर गप्प झाल्या. म्हणतात, असं कोरीव तर तहसीलदाराचं पण नसतं. गिरणीत दळतोस की पिठावर अक्षरे गिरवतोस रे?

धनूचे वाचून जिवाला लागले. पहिलीत बसवली? माझ्या पोटचे म्हणून नाही सांगत, पण त्या पोरीचे डोके चांगले आहे. नोव्हेंबरात सुट्टीत इथे होती तेवढ्या दिवसांत टोळीतल्या कुणाच्या किती खेपा झाल्या हे मुकादमाच्या आधी ती सांगायची. मुकादम गंमतीने म्हणायचा की हिलाच कामाला ठेवतो. आणि आता एकक-दशक येत नाही म्हणतात. मला काही समजेना. तू तिला मारू नकोस बरं का. तुझा जीव घाबरा झाला की तुझा आवाज चढतो, लहानपणापासून आहे ते.

पण वाल्म्या, तू म्हणतोस तसे मी ह्यांना समजावणार नाही. रागावू नकोस. मलाही वाटते की तिला पाठवून दे. पार्थ आता अंगाने भरला आहे, त्याला उचलायला कुणीतरी लागते. पाणी पण लांबून आणावे लागते. हे सकाळी अंधारात फडात जातात, मग सगळे माझ्यावर येते. एवढा हंगाम जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू. शाळा कुठे पळून जाते?

हे पत्र मी उभ्यानेच लिहिते आहे, टेम्पोच्या फाळक्यावर कागद ठेवून. खाली बसले की उठायला वेळ लागतो आणि काकासाहेब हॉर्न वाजवतो आहे.

आईला सांग मी मजेत आहे. तिच्या बीपीच्या गोळ्या चुकवू देऊ नकोस. धनूला माझा पापा. तुम्हा सगळ्यांची आठवण रोज येते, तशी आमचीही काढत जा.

तुझी,
ताई

*

ता. पाथर्डी
मंगळवार, दि. ९ डिसेंबर २०२५
दुपारचे दोन वाजून वीस मिनिटे. वीज गेली आहे, गिरणी बंद. गिऱ्हाइकांचे डबे रांगेत तसेच आहेत.

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र एकटी असताना वाच. छबूकाकू जवळ असेल तर आत्ता घडी घाल.

आधी चांगले सांगतो. धनू ठोकून देत नव्हती.

सत्तर, पंचावन्न, एकतीस हे आकडे माझ्या डोक्यातून जाईनात. काल गिरणीत एकाने हरभरा आणला होता, त्यातले मूठभर घेऊन मी कट्ट्यावर मांडत बसलो. सुट्या काड्या चार होत्या, म्हणून प्रत्येक उत्तरातून आधी चार बाजूला काढले. राहिले सहासष्ट, एक्कावन्न आणि सत्तावीस. मोळ्या तीन, म्हणून त्यांचे तीन-तीन सारखे ढीग केले. सहासष्टाचे बरोबर बावीसचे तीन ढीग झाले. एक्कावन्नाचे सतराचे तीन. सत्तावीसचे नवाचे तीन. एकही दाणा उरला नाही. ताई, मी पुन्हा एकदा मांडून पाहिले. ठोकून दिलेल्या आकड्यांचे असे सारखे ढीग तिन्ही वेळा होत नाहीत.

संध्याकाळी मी तिला जवळ घेतले आणि आवाज न चढवता विचारले की एका मोळीत किती काड्या असतात. तिने माझ्याकडे असे पाहिले जसे मीच पहिलीत आहे. म्हणाली, कुणाची मोळी मामा?

मी खाली बसलो. मग तिने मला नीट समजावले. बापूंची, म्हणजे दाजींची, मोळी बावीस उसांची. छबूकाकूची सतराची. बाईंनी फळ्यावर जाडजूड मोळी काढली त्या दिवशी तिने ती बापूंची धरली. मध्यम काढली तेव्हा छबूकाकूची. तिसऱ्या दिवशी बाई घाईत होत्या, त्यांनी बारीक काढली, म्हणून ती नवाची. मोळी म्हणजे दहा, असे पुस्तकात लिहिले आहे, असे मी म्हणालो. ती म्हणाली, दहाची मोळी टोळीत कुणाचीच न्हाई.

मी तसाच इंदूबाईंच्या घरी गेलो. त्यांनी सगळे ऐकले, चष्मा काढला आणि म्हणाल्या की मी इतकी वर्षे काड्यांच्या मोळ्या काढते, पण मोळी बांधणाऱ्यांच्या पोरांना ती कशी दिसत असेल हे माझ्या मनातच आले नाही. मग मला त्यांनी सांगितले की दशकाची मोळी कुणाच्या ताकदीची नसते. ती ठरवून बांधलेली असते, म्हणूनच आत न बघता लिहिता येते. मला हे आठवीपर्यंत कुणी सांगितले नव्हते. मी दशक पाठ केले होते, एवढेच.

प्रश्न एवढाच होता की धनूला ठरवून बांधलेले असे काय दाखवायचे, जे माणसागणिक बदलत नाही. घरात नजर फिरवली तर आईच्या बीपीच्या गोळ्या दिसल्या. एका पाकिटात दहा, आई घेवो नाहीतर मी घेवो. मी तीन पाकिटे ठेवली आणि चार गोळ्या सुट्या. ती लगेच म्हणाली, चौतीस. मी पाच आणि दोन ठेवले. बावन्न. सात पाकिटे नि सुटे काही नाही. सत्तर. बेचाळिसातून सतरा काढायला सांगितले तर तिने स्वतःहून एक पाकीट पुढे ओढले आणि म्हणाली, हे फोडावं लागंल. पंचवीस. मी आनंदाने एवढ्या जोरात ओरडलो की आई चुलीपुढून धावत आली.

आणि मग मी विचारले, बाळा, हे तुला एवढे पटापट कसे येते?

ताई, ती म्हणाली की आईची पाकिटं मीच आणायचे ना दुकानातून. दुकानदार कधी कधी एक गोळी काढून घेतो म्हणून मोजून घ्यायचे. एक पाकीट दोन दिवसांत संपतं. ठणका जास्त असला तर त्याच्या आधी.

मला पहिल्यांदा कळलेच नाही. आनंदात होतो ना. मग कळले. दहा गोळ्या, दोन दिवस. आपली आई म्हातारी, ती दिवसाला एक घेते. तू पाच घेतेस. कसल्या?

आणि त्याबरोबर दुसरे आठवले, जे मी विचारायचे विसरलो होतो. बावीसची दाजींची, सतराची छबूकाकूची. नवाची कुणाची?

मी तिला विचारले. ती आजीच्या पदराआड गेली. मी पुन्हा विचारले नाही, विचारायची गरज नव्हती. तू सतरा-अठरा उसांची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचीस, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे, मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा. नवाची मोळी तर पोरे खेळायला बांधतात.

आपल्या आईला मी काही बोललो नाही. तिने ओरडण्याचे कारण विचारले, मी म्हणालो, धनूला गणित आले. ती देवापुढे साखर ठेवायला गेली आणि मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

उभ्याने लिहिते असे तू लिहिलेस ते मी हसून वाचले होते. आता तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचतो आहे. काय झाले आहे तुला? कधीपासून? दाजींना माहीत आहे का? तू खोटे लिहिलेस तर मला कळेल, धनू आहे माझ्याकडे.

तुझ्या उत्तराची वाट बघतो, दुसरे काही सुचत नाही.

वाल्मिक

*

फडावरून
गुरुवार, ११ डिसेंबर

चि. वाल्मिक यास,
उ. आ.

तुझे पत्र वाचले आणि पहिल्यांदा राग आला. लेकराच्या पोटात शिरून माझे आजारपण काढलेस. मग रडू आले. छबूकाकूने डोळ्यांत काय गेलं म्हणून विचारले, मी म्हणाले पाचट गेले.

मी तिला बजावले होते की मामाला आणि आजीला यातले अक्षर सांगायचे नाही. माझ्या गळ्याची शपथ घातली होती. ती काही बोलली नाही रे. तिने फक्त गणित केले. तिला रागावू नकोस, आणि मी पण रागावणार नाही, तसे तिला सांग.

आता विचारलेच आहेस तर लिहिते. मागच्या हंगामाच्या शेवटापासून ओटीपोटात दुखते. पार्थच्या वेळी बाळंतपणातून लगेच कामाला उभी राहिले, त्याचे असेल. वजन डोक्यावर घेतले की खाली काहीतरी उतरल्यासारखे वाटते. तुला भावाला असले लिहायची मला लाज वाटते, पण तुझ्याशिवाय कुणाला लिहू? इथल्या रस्त्यावरच्या डॉक्टरने हात न लावताच सांगितले की पिशवी काढून टाका, सगळ्या बायका काढतात. मी घाबरले. टोळीतली एक काढून आली, ती अजून कमरेवर हात ठेवून चालते. मग मी गोळ्यांवर काढते आहे. गोळी घेतली की दोन-तीन तास बरे जातात.

ह्यांना दुखते एवढे माहीत आहे, किती ते माहीत नाही. मी माझ्या मोळ्या त्यांच्या नजरेआड बांधते. बाहेरून उसाच्या शेंड्यांचे वाढे गुंडाळले की मोळी जाड दिसते. पण धनू खाली बसून वाढे वेचायची, तिला आतले दिसायचे. एकदा मला म्हणाली, आई, तुझी नवाची हाय. मी म्हणाले, गप.

म्हणून म्हणते, तिला पाठव. मला पार्थ उचलवत नाही आणि पाण्याची घागर उचलवत नाही. दोघांचा मिळून एक कोयता धरलेला असतो, मी बसले तर ह्यांचे पण काम थांबते. तिला गणित आले, मला सगळे पावले. आता तेवढ्यावर समाधान मान. शाळेपेक्षा मला तिची गरज आहे, हे मी आई होऊन लिहिते आहे, तेव्हा माझे मलाच कसे वाटत असेल ते तू समजून घे.

सोमवारी तिच्या पिशवीत स्वेटर घाल. इथे पहाटे गारठा फार.

भावावर हक्क आहे म्हणून मागते. नाही म्हणू नकोस.

तुझी,
ताई

*

ता. पाथर्डी
शनिवार, दि. १३ डिसेंबर २०२५
सकाळचे सहा वाजले आहेत. काकासाहेब टेम्पोत गोण्या चढवतो आहे. तो निघायच्या आत हे संपवायचे आहे. आई शेजारी बसली आहे.

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मी नाही म्हणतो आहे. आयुष्यात पहिल्यांदा तुला नाही म्हणतो आहे, म्हणून अक्षर हलले आहे.

तुझे पत्र मी आईला वाचून दाखवले. तिला कळू नये असे तुला वाटत होते, तरी. ती उठली आणि स्वतःचे लुगडे पिशवीत भरायला लागली. मी विचारले, कुठे? म्हणाली, लेकीला घेऊन दवाखान्यात कोण जाणार, तू? बाईच्या दुखण्यात तुला काय कळतं?

काल शुक्रवारी इंदूबाईंनी धनूला पुन्हा तपासले आणि तिसरीत आणून बसवले. आधी तिने हात वर करून विचारले की बाई, ही मोळी ठरवलेली का कुणाची तरी. बाई म्हणाल्या, ठरवलेली. मग एकही चुकले नाही. मी ही बातमी दाजींना सांगायला फोन केला. मला वाटले, शाळेचे कारण संपले की ते ऐकतील. ते म्हणाले, बरं झालं, हुशार हाय तर इथं पण हुशारच राहील, सोमवारी पाठव.

मग मी म्हणालो की ताईला बरे नाही. ते म्हणाले, फडात बरं कुणाला असतं, सगळ्यांचीच कंबर धरती. मी म्हणालो, तिची मोळी नवाची झाली आहे. ते चिडले. म्हणाले की गिरणीत बसून तू माझ्या बायकोची मोळी मोजतो व्हय, रोज माझ्या डोळ्यापुढं बांधती ती, चांगली मांडीएवढी मोळी असती. तुला हे कुणी सांगितलं?

ताई, मी काय करणार होतो? धनू समोरच बसली होती. तिने स्वतः हात पुढे केला, मी फोन तिच्या कानाला लावला. दाजी मोठ्याने बोलतात, मला सगळे ऐकू येत होते. त्यांनी तिला विचारले की माझी मोळी किती उसांची गं? ती म्हणाली, बावीस. छबूकाकूची? सतरा. मुकादमाच्या सुनेची? ती म्हणाली, सोळा, पण जाड ऊस असला तर चौदा. दाजी म्हणाले, बराबर. मग त्यांनी विचारले, आन् तुझ्या आईची?

तिने माझ्याकडे पाहिले. तिला तुझी शपथ होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली, नऊ, बापू. वरून वाढे हायेत.

पलीकडे कुणाचा तरी ट्रॅक्टर वाजत होता. मग दाजींनीच फोन ठेवला.

रात्री जेवणाच्या वेळेला त्यांचा पुन्हा फोन आला. आवाज असा होता की मी ओळखलाच नाही. म्हणाले की मला वाटायचं पंधराची तरी असंल, मी कधी हात लावून बघितलं न्हाई. मग म्हणाले, दवाखान्यात घेऊन जा तिला, पण इथं माझा कोयता अर्धा पडतो, मुकादमाला मी काय सांगू? मी म्हणालो, सोमवारी मी येतो. ते हसले, पहिल्यांदा. म्हणाले, तू? पीठ नाकात गेलं तरी शिंकणारा माणूस, पाचटात काय टिकणार? मी म्हणालो, नाही टिकलो तर परत पाठवा, पण सोमवारी टेम्पोत धनू नसेल, मी असेन. ते म्हणाले, पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट आण, उसाचं पान कापतं.

तर असे ठरले आहे. सोमवारी सकाळी मी आणि आई काकासाहेबाबरोबर येतो. गिरणी तोवर मालकाचा पुतण्या बघेल. मी तुमच्याकडे उतरेन, तू आणि पार्थ माझ्या जागेवर बसा. परत येताना टेम्पो रिकामा असतो, आईने गोधडी घेतली आहे, तिच्यावर आडवी हो. मंगळवारी नगरच्या सरकारी दवाखान्यात आई तुला घेऊन जाईल, तिथे बायांच्या डॉक्टर बाई आहेत असे इंदूबाईंनी चौकशी करून सांगितले. पिशवी काढायची की नाही ते त्या तपासून ठरवतील, रस्त्यावरचा नाही. त्या जे म्हणतील ते मला लगेच कळव, फोनवरच कळव. दाजी म्हणाले आहेत की यापुढे मोठ्या आवाजावर लावणार नाहीत.

तुम्हाला पोचायला मध्यरात्र होईल, म्हणून सोमवारची एक रात्र धनू इंदूबाईंकडे झोपेल, त्यानंतर तू घरी असशील. तिला मी सांगितले की आई येते आहे. ती उडी मारेल असे वाटले होते. तिने फक्त विचारले की मग आईचा ऊस कोण उचलणार. मी म्हणालो, मी. तिने माझे दंड चाचपून पाहिले आणि दप्तर भरायला गेली.

मला फार भीती वाटते आहे ताई. उसाची नाही.

सोमवारी काहीही उचलू नकोस, पार्थलाही नाही. आम्ही येईपर्यंत बसून राहा, आणि आम्हाला पाहून उठू नकोस.

लोभाचे काय मागू, तू बरी हो.

तुझा,
वाल्मिक